डायनोसॉरच्या पोटावर त्याचे नाव कोरा : भारतीय खेळणी उत्पादकांना खुले पत्र

प्रति,
भारतातील खेळणी उत्पादक आणि त्यांच्या संघटना यांस,

स. न. वि. वि.

मी नागपूरला राहते. गेली एकोणीस वर्षे मी डायनोसॉरच्या आणि इतर प्रागैतिहासिक प्राण्यांच्या प्रतिकृती जमवते आहे आणि त्यांपैकी अकरा वर्षे त्यांची परीक्षणे मराठीतून लिहिते आहे. नवी प्रतिकृती हाती आली की मी सर्वांत आधी ती उलटी करते. रंग, चेहरा, उभे राहण्याची ऐट हे सगळे नंतर. पोटावर किंवा तळपायावर प्राण्याचे नाव, करणाऱ्याचे नाव आणि साचा तयार केल्याचे वर्ष कोरलेले आहे का, हे मला आधी पाहायचे असते, कारण ती चार अक्षरे नसतील तर पुढचे परीक्षण कशाच्या आधारावर करायचे, हाच प्रश्न उभा राहतो. आपल्या देशात तयार झालेल्या ज्या ज्या प्रतिकृती मी आजवर हाताळल्या, त्यांपैकी एकीवरही मला प्राण्याचे नाव सापडलेले नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

गेल्या दिवाळीत मी भाचीसाठी सीताबर्डीवरून एक पाकीट आणले. पाकिटावर ‘बारा डायनोसॉर’ असे छापलेले होते. घरी आल्यावर आम्ही दोघींनी ते सतरंजीवर मांडले. त्यात एक मॅमथ होता, म्हणजे केसाळ हत्ती, जो डायनोसॉर संपल्यानंतर सहा कोटींहून अधिक वर्षांनी जन्माला आला. पाठीवर शिडासारखा पडदा असलेला एक डायमेट्रोडॉन होता. तो तर पहिला डायनोसॉर जन्मण्याच्या काही कोटी वर्षे आधीच नामशेष झाला होता आणि नात्याने तो सरड्यांपेक्षा आपल्या, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या, अधिक जवळचा आहे. उरलेल्या दहांपैकी तिघांचे धड एकाच साच्यातले होते, फक्त मुंडकी वेगळी. एकाचा जबडा टायरॅनोसॉरस रेक्सचा होता, पण हाताला दोनऐवजी चार बोटे होती, आणि ओतकामाची शिवण न घासल्यामुळे नाकापासून शेपटीपर्यंत प्लॅस्टिकची एक पातळ कड उभी राहिली होती, जी बोटाला लागत होती. भाचीने तोच उचलला, त्याला आडवातिडवा पाहिला आणि विचारले, “आत्या, याचं नाव काय गं?” मला उत्तर देता आले नाही, कारण त्याला नाव नव्हतेच. तो कोणताच प्राणी नव्हता.

त्या उत्पादकाला मी पत्र लिहिले. त्यांनी सौजन्याने उत्तर पाठवले, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पण उत्तराचा आशय असा होता की ही लहान मुलांची खेळणी आहेत आणि हा डायनोसॉर आहे एवढे मुलांना कळले की पुरे. माझा अनुभव नेमका उलटा आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलांना जोडाक्षरे अजून नीट लिहिता येत नाहीत, पण ‘पॅकिसेफॅलोसॉरस’ हे नाव ती न अडखळता उच्चारतात, आणि कुणी चुकीचे उच्चारले तर दुरुस्त करतात. या वयाच्या मुलाला नावे हवी असतात. आपण त्याला ती देत नाही, एवढेच.

नाव कोरण्याने काय साधते, हे या छंदाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. ‘डायनोसॉर’ हे गटनाव ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये दिले आणि त्यानंतर अवघ्या बारा वर्षांत, १८५४ मध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेस उद्यानात शिल्पकार बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी ओवेन यांच्याच मार्गदर्शनाखाली पूर्णाकृती पुतळे उभारले. त्यांतील इग्वॅनोडॉनच्या नाकावर गेंड्यासारखे शिंग आहे. पुढे १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बर्निसार गावच्या कोळशाच्या खाणीत इग्वॅनोडॉनचे अनेक सांगाडे मिळाले आणि ते शिंग म्हणजे प्रत्यक्षात अंगठ्याचा अणकुचीदार काटा असल्याचे सिद्ध झाले. ते पुतळे आजही तिथे उभे आहेत आणि त्यांची चूक कुणाला बोचत नाही, कारण तो कोणता प्राणी आहे आणि तो कोणत्या काळच्या समजुतीने घडवला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नाव आणि वर्ष यांच्यामुळे ती चूक विज्ञानाच्या प्रवासातला एक टप्पा ठरली. नाव नसते तर तो निव्वळ एक विचित्र पुतळा राहिला असता.

खेळण्यांच्या बाबतीतही तसेच झाले. ब्रिटनमधल्या इन्व्हिक्टा कंपनीने १९७४ पासून लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयासाठी ज्या एकरंगी प्रतिकृती केल्या, त्यांच्या पोटावर प्राण्याचे आणि संग्रहालयाचे नाव ओतलेले असे. अमेरिकेत सफारी कंपनीने पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयाच्या सहकार्याने १९८८ मध्ये एक मालिका सुरू केली, जी २०१५ पर्यंत चालली आणि जिच्यातील बहुतेक प्राणी १:४० या एकाच प्रमाणात, म्हणजे मूळ लांबीच्या चाळीसाव्या भागाइतके, होते. माझ्यासारख्या अनेकांचा संग्रह याच मालिकेपासून सुरू झाला. त्या प्रतिकृतींवर आज मी कितीही आक्षेप घेऊ शकते. आधीच्यांच्या शेपट्या जमिनीवर लोळतात, काही तर शेपटीचा तिसरा पाय करून कांगारूसारखे बसतात. पण माझा आक्षेप एका नामांकित प्राण्याच्या एका ठरावीक वर्षीच्या प्रतिकृतीवर असतो, म्हणून त्याला अर्थ असतो. आणि त्या कंपन्यांनी पुढे जुने साचे बाजूला ठेवून नवे केले, हेही मला तारखेनिशी दाखवता येते.

परीक्षण म्हणजे दोष काढण्याचा उद्योग, असा समज आपल्यापैकी काहींच्या मनात असू शकतो, म्हणून मी नेमके काय पाहते ते सांगते. मांसाहारी, दोन पायांवर चालणारा प्राणी असेल तर तळहात एकमेकांसमोर आहेत का, टाळी वाजवण्याच्या स्थितीत असतात तसे, हे पाहते. पियानोवर ठेवल्यासारखे तळवे खाली वळवलेले हात त्या प्राण्यांच्या मनगटाला शक्यच नव्हते. लांब मानेचा शाकाहारी असेल तर पुढचा पाय पाहते. तो खांबासारखा असायला हवा आणि नखी असलीच तर फक्त अंगठ्याला. हत्तीसारखी पाच नखे रंगवलेली दिसली की शिल्पकाराने सांगाड्याचे चित्रसुद्धा पाहिलेले नाही, हे उघड होते. शेपूट हवेत आडवी तोललेली हवी. १९६९ मध्ये जॉन ऑस्ट्रॉम यांनी डायनोनिकस या शिकारी डायनोसॉरचे वर्णन प्रसिद्ध केल्यापासून हे प्राणी चपळ होते, हा विचार रुजत गेला, आणि मरगळलेला, शेपूट ओढत चालणारा डायनोसॉर पुस्तकांतून हळूहळू हद्दपार झाला. १९९६ मध्ये चीनमधील सायनोसॉरॉप्टेरिक्सच्या अंगावर पिसांसारखे तंतू दिसले. २००७ मध्ये व्हेलॉसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसांची मुळे रोवली जाण्याचे उंचवटे सापडले, तेव्हापासून बिनपिसांच्या व्हेलॉसिरॅप्टरला मी पूर्ण गुण देत नाही. स्पायनोसॉरसचे तर २०१४ मध्ये पाय आखूड ठरले आणि २०२० मध्ये शेपटी वल्ह्यासारखी निघाली. बिचाऱ्या शिल्पकारांना सहा वर्षांत दोनदा तोच प्राणी नव्याने घडवावा लागला. यांपैकी एकही गोष्ट गुप्त नाही. पोलादी साचा किती महाग पडतो, याची मला कल्पना आहे, आणि म्हणूनच साचा कापण्याआधी आठवडाभर अभ्यासाला द्यावा, असे मला वाटते. चुकीच्या साच्याला लागणारे पोलाद बरोबर साच्याच्या पोलादापेक्षा स्वस्त मिळत नाही.

आता आपल्यावर ही जबाबदारी विशेष का येते, ते सांगते. खेळण्यांवरचे आयातशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश लागू झाला आणि आयएसआय चिन्हाशिवाय खेळणी विकता येईनाशी झाली. मुलांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूंचा रंग आणि कडा तपासल्या जाव्यात, ही मागणी रास्तच होती आणि देशातल्या कारखान्यांना संधी मिळावी, हेही मला मान्य आहे. पण या निर्णयांनंतर आमच्यासारख्यांना परदेशी प्रतिकृती मिळणे फार अवघड आणि महाग झाले. ज्या मुलाला पूर्वी वाढदिवसाला एक चांगला ट्रायसेरॅटॉप्स मिळू शकला असता, त्याच्या हातात आज आपलाच माल पडतो. बाजार आपल्याला मिळाला आहे. त्या बाजारात आपण जे ठेवाल, तेच या देशातल्या मुलाच्या मनातले डायनोसॉरचे रूप असणार आहे.

आणि आपल्याकडे घडवण्यासारखे काय नाही! जबलपूरला कॅप्टन स्लीमन यांना १८२८ मध्ये मोठे मणके सापडले, तेव्हा ‘डायनोसॉर’ हा शब्दही जन्मला नव्हता. १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी त्या प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले आणि पुढे लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांच्या जगभरच्या टायटॅनोसॉर कुळाची ओळखच त्या नावावरून पडली. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातल्या बारापासॉरस टागोराय याची बरीचशी हाडे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६१ मध्ये, हाती लागली, म्हणून त्याच्या नावात टागोर आहेत, आणि ‘बारापा’ म्हणजे मोठ्या पायाचा. ज्या थरांत तो मिळाला, त्यांना नाव मिळाले ते आपल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या, सिरोंच्याजवळच्या कोटा गावावरून. त्याचा उभा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे. लांबी सुमारे १४ मीटर. १:४० प्रमाणात ३५ सेंटिमीटरचे खेळणे होईल, कुठल्याही दुकानाच्या फळीवर मावेल असे.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो आयसिसॉरस कोलबर्टाय, हाही टायटॅनोसॉरच. तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा. वरोऱ्याचे नाव महाराष्ट्राला आनंदवनामुळे माहीत आहे. त्याच भागातल्या माळावर, नागपूरपासून शंभरेक किलोमीटरवर, हा प्राणी डायनोसॉर युगाच्या अगदी अखेरच्या काळात वावरत होता. १९९७ मध्ये सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी त्याचे वर्णन केले आणि २००३ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. त्यातील ‘आयसि’ ही भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. आपल्या प्रत्येक खेळण्यावर जे आयएसआय चिन्ह आपण उमटवता, ती आद्याक्षरे दुसऱ्याच संस्थेची, जुन्या भारतीय मानक संस्थेची. पण अक्षरे तीच. ते चिन्ह अंगावर आणि ते नाव पोटावर असलेला एक आयसिसॉरस मला हातात धरायचा आहे. त्याची मान इतर लांब मानेच्या प्राण्यांच्या मानाने आखूड आणि भक्कम होती, पुढचे पाय लांब होते, आणि म्हणून ब्रॅकिओसॉरसच्या तयार साच्यावर फक्त नवे लेबल चिकटवून तो होणार नाही. लांबी १८ मीटरच्या आसपास धरली जाते, म्हणजे १:४० प्रमाणात ४५ सेंटिमीटर.

त्याच्या पायाखालच्या तळपट्टीविषयीही थोडे सांगायचे आहे, कारण इथे एक अपूर्व संधी आहे. डायनोसॉरच्या प्रतिकृतीखाली हिरवे गवत दाखवले की आम्ही परीक्षक ते चूक म्हणून नोंदवतो, कारण गवत डायनोसॉरनंतर आले, असेच फार काळ मानले जात होते. डोंगरगावच्याच परिसरातल्या पिसदुऱ्याला विष्ठेचे जीवाश्म मोठ्या संख्येने मिळतात. त्यांच्या अभ्यासात गवताच्या पेशींतले सिलिकेचे सूक्ष्म कण आढळले, किमान पाच प्रकारच्या गवतांचे, आणि २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रसिद्ध केल्यावर ती समजूत बदलली. ती विष्ठा टायटॅनोसॉरांची असावी, असे मानले जाते. म्हणजे ज्या प्रतिकृतीच्या पायाशी गवताचे दोन-चार झुबके असणे चूक नव्हे तर शास्त्राला धरून ठरेल, अशी प्रतिकृती विदर्भातल्या प्राण्याची आहे. हिरवळ मात्र पसरू नये, झुबकेच असावेत. जगातल्या कुठल्याही कंपनीआधी हे आपण करून दाखवू शकता, आणि पाकिटाच्या मागे चार ओळींत हे छापलेत तर चंद्रपूरचे मूल ते वाचून आपल्या पायाखालच्या मातीकडे वेगळ्या नजरेने पाहील.

गुजरातमधल्या रहियोलीचा राजासॉरस नर्मदेन्सिस, २००३ मध्ये वर्णन झालेला, कपाळावर बसके शिंग असलेला मांसाहारी, हा तर आपल्या हातात आयताच आहे. मुलांना शिकारी प्राणी हवेच असतात. त्याच राज्यातल्या धोळी डुंगरीला टायटॅनोसॉरच्या घरट्यात अंड्याभोवती वेटोळे घातलेल्या सापाचा सांगाडा मिळाला, शेजारी अर्धा मीटर लांबीचे नुकते बाहेर पडलेले पिल्लू. २०१० मध्ये त्या सापाला सनाजेह इंडिकस असे नाव मिळाले, त्यातील सनाजेह हे संस्कृतवरून. साडेतीन मीटरचा हा साप १:१० प्रमाणात केला तर पिल्लू पाच सेंटिमीटरचे होते आणि अख्खे घरटे तळहातावर मावते. शिवालिकमधला जिराफकुळातला शिवथेरियम, गणपतीच्या नावाचा, हत्तीसारखा स्टेगोडॉन गणेसा, आणि २०२४ मध्ये जाहीर झालेला कच्छच्या पानंध्रो खाणीतला महासर्प वासुकी इंडिकस यांची मी केवळ नावे घेऊन थांबते. वासुकी म्हटल्यावर आपल्याकडच्या मुलाला आणखी काही समजावून सांगावे लागत नाही.

हे करताना प्रामाणिकपणा मात्र हवा. आयसिसॉरसचे डोके सापडलेले नाही, मागचे पायही नाहीत. शिल्पकाराला ते जवळच्या नातलगांवरून योजावे लागतील आणि तसे करण्यात काहीच गैर नाही. पाकिटावर एका ओळीत ‘डोके व मागचे पाय अनुमानाने’ असे छापले की झाले. रंगाच्या बाबतीत तर मी आपल्याला पूर्ण मोकळीक देईन, कारण या प्राण्यांचे रंग हाडे सांगत नाहीत. फक्त डोळ्यांची बाहुली डोळ्याच्या खोबणीत पडावी, गालावर नव्हे.

एक गोष्ट इथल्या हवामानाची. माझे कपाट पश्चिमेच्या भिंतीला आहे आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. दोन पायांवर तोललेल्या पीव्हीसीच्या प्रतिकृती त्या दिवसांत हळूहळू पुढे झुकतात आणि एखाद्या सकाळी नाकावर पडलेल्या सापडतात. मी त्यांचे पाय कढत पाण्यात धरते, मऊ झाले की सरळ करते आणि लगेच थंड पाण्यात बुडवते. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत निभावते. ज्या शिल्पकारांनी कधी असा उन्हाळा पाहिलेला नाही, त्यांना हे सुचणार नाही, पण आपल्याला सुचायला हवे. घोटा किंचित जाड करा, पायात कडक गाभा घाला किंवा सरळ तळपट्टी द्या. पावले अवाढव्य मोठी करून तोल साधण्याची पळवाट मात्र घेऊ नका. ती प्राण्याचे रूपच बिघडवते.

माझ्या मागण्या इतक्याच आहेत. पोटावर देवनागरीत प्राण्याचे नाव आणि साच्याचे वर्ष, पाकिटावर प्रमाण आणि प्राणी कुठे सापडला ते, आणि साचा कापण्याआधी एखाद्या जीवाश्म-अभ्यासकाला मातीचा नमुना दाखवणे. असे अभ्यासक कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेत आहेत, रुडकीच्या आयआयटीत आहेत, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मोठे कार्यालय तर माझ्याच शहरात आहे. पहिल्या वर्षी बारा नकोत. एकच प्राणी करा, पण तो कोणीतरी असू द्या.

आपण असा प्राणी बाजारात आणलात तर मी तो दुकानातून, पूर्ण किंमत देऊन विकत घेईन. परीक्षणासाठी फुकट नग मी कुणाकडूनही स्वीकारत नाही आणि आपणही पाठवू नये. मापपट्टी लावून, सांगाड्याच्या आकृतीशी ताडून, जे बरोबर आहे ते आधी आणि जे चुकले आहे ते नंतर, असे मी त्याच्याविषयी लिहीन. मग तो एक मे महिना माझ्या पश्चिमेच्या भिंतीशी ठेवीन आणि जूनमध्ये त्याचे पाय सरळ आहेत की नाहीत, हेही त्याच परीक्षणाच्या खाली नोंदवीन.

आपली नम्र,
नागपूरची एक संग्राहक